कावळा

कोल्बी वॉयचिक आज पुन्हा उशिरा.
अडीचचा तास, दार वाजलं दोन एकोणचाळीसला.
बुटांवरचं बर्फ पायपुसण्यावर झटकतो
आणि "सॉरी" म्हणतो ते मला नाही,
ओबोच्या पेटीला.

पेटीत संत्र्याची साल. मीच ठेवायला सांगितलेली.
स्टीव्हन्स पॉइंटच्या जानेवारीत
खोल्यांमधली हवा इतकी कोरडी होते
की लाकूड तडकतं एखाद्या रात्री, कुणाला न सांगता.
साल ओल धरून ठेवते.
मी वरूडची. जन्मभर संत्री सोलली, साल फेकली,
आणि इथे, उणे अठरात,
तिचा उपयोग कळला.

एकवीस मिनिटं उरली.
कॉलेज मला विद्यार्थ्यामागे अर्ध्या तासाचे पैसे देतं.
तो आजारी पडला तर तेवढे नाहीत.
मी पडले तर विचारूच नका.

"वाजव."
दोन ओळी वाजवतो, थांबतो.
"रीड बरोबर नाही."
सगळे हेच म्हणतात. मीही म्हणायचे,
तेव्हा लिंडक्विस्ट सर माझ्या हातून रीड घ्यायचे
आणि काही न बोलता
खिडकीतून खाली टाकायचे.
मार्चमध्ये बर्फ वितळलं की हिरवळीवर
आम्हा सगळ्यांचं वर्षभराचं अपयश
एकदम उगवून यायचं.

माझ्या खोलीची खिडकी उघडत नाही.
मी त्याच्या हातात सुरी देते.

सकाळपाळीला तो बटाट्याच्या शेडमध्ये असतो.
नखांत माती, बोटांच्या पेरांवर भेगा.
सुरी धरतो ती सोलायलाच.
"तशी नको रे.
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढतोस, असं समज."
तो श्वास रोखतो. वेताच्या टोकावरून
धुळीएवढं काहीतरी सुटतं,
दिव्याखाली तरंगतं, खाली बसतं.

दप्तराच्या उघड्या तोंडातून
एक पिवळा फॉर्म दिसतो. विषय बदलण्याचा.
सही सोडून सगळं भरलेला.
मी रेडिएटरकडे पाहते.
तो नेहमीसारखा कोमल निषादावर फुसफुसतोय.

"आता फुंक. नुसतं रीड, वाद्याशिवाय."
या आवाजाला इथले वादक कावळाच म्हणतात.
एकच सूर दोन सप्तकांत एकदम बोलला
तर रीड जमलं.
पहिल्यांदा नुसती घुसमट.
"डावीकडे दोन ओरखडे. तिसरा नको."
तो तिसरा मारणार असतो. मारत नाही.
पुन्हा फुंकतो, आणि
कर्कश, कोरडा, भला थोरला
कावळा खोलीत येऊन बसतो.

दोघंही हसतो, जरा लाजूनच.
"आमच्याकडे," मी सांगते,
"कावळा ओरडला की पाहुणा येतो."
"कोण येतो?"
"ते कावळा सांगत नाही."

मग तो रीड बसवतो आणि एकच सूर धरतो,
ज्याला सगळा वाद्यवृंद आपापल्या तारा जुळवतो, तो.
मी घड्याळाकडे पाहत नाही.
म्हणजे पाहते. तीन वाजून गेलेत.
सूर आधी थोडा चढा,
मग आपल्या जागी येतो
आणि तिथेच थांबतो,
आपल्या आधी तिथे कोणी नव्हतं असा.

काय म्हणावं सुचत नाही.
"बरं आहे," म्हणते. लिंडक्विस्ट सर एवढंही म्हणत नसत.

दारावर टकटक.
"पाहुणा!" कोल्बी ओरडतो.
तीनच्या तासाची मायनू थाओ दारात गोंधळून उभी,
चष्म्यावर वाफ.
तो पेटी मिटतो, साल आत आहे ना बघतो,
फॉर्म दप्तरात खोल ढकलतो.
फाडत मात्र नाही.

सुरी घेऊन गेला.
मायनूला मी सांगितलं,
परत मागायची विसरले.