बांधाचा दगड

लास्ताच्या डोंगरात उपासाचा चाळिसावा दिवस.
मर्शा अब्बांपुढे वाकला:
झेनेबेचच्या बांधाचा दगड
सात वर्षांमागे मी रात्री सरकवला.
चार पावलं.
प्रायश्चित्त सांगा. किती दंडवत घालू,
किती दिवस मीठ सोडू?

अब्बांनी कपाळाला क्रूस टेकवला.
गुडघे तुझे, पोटही तुझंच, म्हणाले.
तिचं काय?
दगड परत ने. दिवसाढवळ्या,
बाजाराच्या दिवशी.

शनिवारी मिठाची गाढवं चढ चढत होती.
दगड पोटाशी धरून मर्शा निघाला
आणि रस्ता थांबला.
चार पावलं चालायला
त्याला सगळी सकाळ लागली.

सुपातलं टेफ खाली ठेवून झेनेबेच बांधावर आली,
दगडाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, पाच होती.

मर्शा पुन्हा वाकला.