करकर

मी सुतार. खेळ मला येत नाहीत.
बोटं उरलीत साडेनऊ, आणि ती
त्या इवल्या बटणांवर एकमेकांत अडखळतात.
पण एकवीस वर्षं, दर ऑगस्टला,
ऱ्हाइनच्या या काठाला, डॉइट्झच्या थोरल्या दालनांत
पडद्यावरच्या खेळांची जत्रा भरते
आणि तिच्यातले किल्ले माझे असतात.

यंदा दार सांगितलं होतं.
सहा मीटर उंच, दोन झडपांचं,
वर पिसं फुलवून बसलेलं घुबड.
कंपनीची फिन्या, सव्विशीची असेल, नखं हिरवी,
रंध्यावरच कागद पसरून म्हणाली,
"फोल्कमार, उघडताना करकरलं पाहिजे.
पोरं चार-चार तास रांगेत उभी असतात.
तेवढी करकर त्यांचा हक्कच आहे."
आत काय, विचारलं मी.
"आत काही नाही. आत पडदे."

जन्मभर दारांची करकर घालवत आलो,
ही घालायला तीन आठवडे लागले.
बिजागरीत सुकं अक्रोडाचं लाकूड, चिमूटभर राळ.
इल्हान शिडीवर रंग देता देता ऐकायचा
आणि मान हलवायचा :
नाही. अजून स्वयंपाकघराचंच दार आहे हे.
मग एका मंगळवारी ते असं वाजलं
की त्याच्या हातातला ब्रश खाली पडला
आणि आम्ही दोघं उगाच मागं वळून बघितलं.

एप्रिलमध्ये पत्र आलं.
ऑगस्टअखेरपर्यंत गर्दीला मनाई. सबब, रद्द.
दोन ओळी, सही,
आणि सहीखाली, जे तेव्हा सगळेच लिहायचे,
काळजी घ्या.
डावी झडप रंगून तयार होती.
उजवीवर नुसतं लुकण.

रांगेचे खांब माझ्याचकडं पडून होते,
चाळीस, लाल पट्ट्यांचे.
आठ बेकरीवाल्या श्लोमरबाई घेऊन गेल्या,
बारा औषधवाला.
वर्षानुवर्षं जी रांग घुबडांच्या राज्यात शिरायची
ती पावासाठी उभी राहिली, दीड-दीड मीटरवर,
तलवारी न आणता,
आणि कुणी कुणाला विचारेना
की तू पुढं कुठल्या पातळीपर्यंत पोचलास.

जत्रा भरली म्हणे, ज्याच्या त्याच्या खोलीत.
त्याच गुरुवारी फिन्या सायकलवरून आली.
नोकरी गेली होती. नखं नुसती नखांच्या रंगाची.
म्हणाली, "एकदा ऐकव."
मी साखळी ओढली.
दाराआड माझाच कारखाना :
भुसा, सरसाचे डबे, इल्हानचा टांगलेला कोट,
ऑगस्टवर लाल गोल केलेलं कॅलेंडर.
ती आत गेली. बराच वेळ आली नाही.
मी बाहेर, माझ्याच दाराशी, रांगेत एकटा.

पुढच्या वसंतात मला बोलावणं आलं,
त्याच दालनात, लशीसाठी.
तिथली दारं काचेची, आपोआप सरकणारी,
बिलकुल आवाज नाही.
टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीवर बसवतात.
पलीकडच्या खुर्चीवरचा मुलगा, दंडावर कापूस दाबून,
कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखा म्हणाला,
"इथंच होतो मी मागं. पाच तास रांगेत."
आणि आत?
"वीस मिनिटं."
पुरली?
मास्कच्या आत तो हसला;
मला ते त्याच्या कानांवरून कळलं.

दार अजून उभंच आहे. इल्हान अधूनमधून विचारतो,
उजवी रंगवून टाकू का?
राहू दे, म्हणतो.
शनिवारी तेलाची झारी घेऊन
कारखान्यातल्या सगळ्या बिजागऱ्यांवरून फिरतो मी,
खिडक्यांच्या, कपाटांच्या, संडासाच्यासुद्धा.
त्या दाराशी आलो की झारी दुसऱ्या हातात घेतो.