किरकोळ खर्च

कर्वे रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर
आमचं ऑफिस. मी हिशेब बघते.
एकोणीस वर्षं.
रणपिसेसाहेबांना माझी एक गोष्ट आवडते :
मी विचारते फक्त, "कुठल्या खात्यात टाकू?"

त्या जानेवारीत बिलं यायला लागली
अवेळी, कुणाच्याही हातून, चुरगळलेली.
मिसळ, अकराशे प्लेट, पाव जादा.
सहा जीपांचं डिझेल.
फ्लेक्स, दहा बाय वीस, त्यावर मेमाणे हात जोडून.
फ्लेक्स, दहा बाय वीस, त्यावर शेडगेताई हात जोडून.
छापणारा एकच, म्हणून त्यानं सूट दिली.

तेव्हा एकदाच जास्तीचं विचारलं,
"साहेब, दोघांनाही?"
ते पेढा मोडत होते. अर्धा माझ्यापुढे सरकवला.
"अहो, पाऊस कौलाच्या या अंगावर पडो की त्या,
पन्हळ आपल्या हौदात सोडलेली असावी."

पक्षनिधीची पावती आली एक,
पंचवीस हजार, धनादेशानं.
ती मी फायलीत सगळ्यात वर लावली,
उघडताक्षणी दिसेल अशी.
बाकीचं टाकलं जिथे टाकायचं तिथे.

मेमाणे निवडून आले.
शेडगेताईंचाही फोन आला, आभाराचा.
पडलेलं माणूस जास्त लक्षात ठेवतं
आणि पाच वर्षं काही लांब नसतात.

कुणी कुणाकडे काही मागितलं नाही,
हे मी शपथेवर सांगेन.
मेमाणे हार घालून घ्यायला आले होते, मी तिथेच होते,
चेकबुक घेऊन. चहा झाला. चपला घालताना साहेब म्हणाले,
"ते सत्त्याऐंशी नंबरचं जरा बघा."
"बघू की."
एवढंच.

सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी पैकी.
टेकडीचा पायथा. नकाशात हिरवा.
आमच्या सोसायटीची मागची भिंत तिथेच संपते.
ओजस तिथे तीन विटांचे स्टंप लावतो,
टेकडी उतरून आलेले लोक बुटांतले खडे झटकतात
आणि रोज तेच सांगतात एकमेकांना, गुडघ्यांचं.

मुख्य सभेत विषय भलताच होता :
स्मशानभूमीतल्या दाहिनीची दुरुस्ती.
रात्री पावणेदहाला त्याला एक उपसूचना चिकटली.
वाचली असे समजावे.
मान्य.
आढीतल्या आंब्यालासुद्धा
हिरव्याचं पिवळं व्हायला आठ दिवस लागतात.

मग हरकती आणि सूचना, मुदत तीस दिवस.
सोसायटीत कागद फिरला. गोळेकाकांनी
आधी शुद्धलेखन तपासलं,
"आरक्षणातला ण नीट काढा, लोक हसतील."
मीही सही केली. एक्केचाळिसावी.
कुणी माझ्याकडे बघितलं नाही, किंवा बघितलं असेल,
मी खाली बघत होते.
त्याच पेनानं त्याच आठवड्यात
बोनस मिळाल्याची सही केली. तीही माझीच.
दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या
तर बँकवाला एकही परत पाठवणार नाही.

सुनावणी सात मिनिटं चालली.
त्यातली दोन, पंखा लावण्यात गेली.

आता पायथ्याला पत्र्याचं कुंपण आहे.
पत्रे हिरवे, बहुधा सहजच.
ओजस पार्किंगमध्ये खेळतो, हळू चेंडूनं,
कुणाच्या तरी गाडीला लागेल म्हणून.

आणि ते सिमेंटचं बाक तसंच आहे,
निवडणुकीआधी बसवलेलं, टेकडीकडे तोंड करून.
लोक सवयीनं येऊन बसतात,
शेंगा सोलतात, पत्र्याकडे बघत.
पाठीवर कोरलंय : सौजन्य, वामनराव मेमाणे.
बसताना मला ती अक्षरं पाठीला टोचतात.

बाकाचं बिल माझ्याकडे आहे.
नऊ हजार चारशे, वाहतुकीसह.