न्यूट्रल

दाराशी उभा राहून एकेकाच्या तळहातावर
गुळाचा खडा ठेवतो मी.
आधी गोड, मग अक्षर.
पेझारकरांची शिफ्रा खडा उलटसुलट करून बघते,
"सर, हात धुतलेत का तुम्ही?"

गेल्या वर्षी अकरा होते.
यंदा सहा, त्यातला एक नुसताच ताईसोबत आलेला,
चार वर्षांचा, पाय बाकावरून लोंबणारे.
हजेरीत त्याचंही नाव लिहिलं : हननेल.
बाकीचे अश्दोदला गेले, बिऱ्हाडासकट.
त्यांची नावं खोडायला लाल पेन काढलं,
परत खिशात ठेवलं.
पेन्सिलीनं भागवलं.

मी काही धर्मपंडित नव्हे.
एकतीस वर्षं दापोडीच्या वर्कशॉपात
एसटीची इंजिनं उघडली, बसवली.
नखांतलं काळं अजून निघत नाही
(शिफ्राचं म्हणणं तसं रास्तच).
हझ्झानकाकांचा गळा बसला, लेक येऊन त्यांना घेऊन गेली,
जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला,
आणि जुडग्याबरोबर ही पोरं.

म्हणून मला जशी कळली तशी शिकवतो अक्षरं :
बेत म्हणजे शेड. तीन बाजूंनी बंद,
गाडी डावीकडून आत.
वाव म्हणजे हूक.
लामेद म्हणजे जॅकचा दांडा,
ओळीत मावत नाही, डोकं वर काढतो.
आणि लिहायचं उजवीकडून डावीकडे.
"रिव्हर्समध्ये?" गॅब्रिएल सातमकर.
रिव्हर्स नाही रे. तिकडून येणाऱ्याला हेच सरळ.

बाहेर पॉवर हाऊसच्या अंगाला ढोल घुमतायत,
गणपती तोंडावर आलेत.
गॅब्रिएलची बोटं बाकावर ताशा धरतात.
पाचला त्याच्या पथकाचा सराव.
सव्वाचारपासून तो घड्याळ बघतोय,
मला दिसत नाही असं मी दाखवतोय.

फळ्यावर अलेफ काढला, मोठ्ठा.
ह्याचा उच्चार?
"अ!" "आ!" "ए!"
नाही. ह्याला स्वतःचा आवाजच नाही.
तेव्हा मागच्या बाकावरून योखेवेद,
जिला गेलं अख्खं वर्ष मला बोलतं करता आलं नाही,
ती म्हणाली,
"काहीच बोलत नाही, तर पहिला नंबर कसा त्याचा?"

मला उत्तर माहीत नव्हतं.
पुस्तकांत असेल. पुस्तकं कपाटात आहेत,
ती वाचणारे नाहीत.
हात मात्र आपोआप उचलला गेला,
मूठ वळली, गिअरच्या दांड्यावर असावी तशी,
इकडून तिकडे सैल हलली.
न्यूट्रल, म्हणालो.
गाडी सुरू करण्याआधी बघायचं, न्यूट्रलला आहे ना.
नाही बघितलं तर हिसका, आणि समोरची भिंत.

सहा मुठी हवेत हलल्या.
हननेलनं तोंडानं घर्रर्र केलं.
न्यूट्रलला एवढा आवाज नसतो,
पण मी काही बोललो नाही.

महिन्याभरानं नव्याचा सण.
शोफार गॅब्रिएलच्या हातात दिला, म्हटलं, फुंक.
आधी नुसती हवा.
मग म्हशीचं पारडू हंबरावं तसं काहीतरी, सगळे खिदळले,
त्यानं ओठ पुसले, पुन्हा लावलं,
आणि एडक्याच्या त्या वाकड्या शिंगातून
लांबच लांब सरळ सूर निघाला.
बाहेरचे ढोल थांबले.
त्यांचा चहा झाला असेल. चहाचाच असणार.

पाचाला दहा कमी. रिक्षाकाका हॉर्न वाजवतायत.
योखेवेदची वही बाकावरच राहिलेली :
एका बाजूनं शाळेचा निबंध, 'आमची सिंहगडाची सहल',
उलटी धरली की दुसऱ्या बाजूनं अलेफ, अलेफ, अलेफ,
काही पाय वर करून पडलेले.
दोन्हीकडून भरत येतेय वही.
मधली कोरी पानं मोजायला घेतली
तर कोपऱ्यावर माझा अंगठा उमटला,
गुळाचा की ग्रीसचा कोण जाणे,
आणि ती धावत परत आली.