मापात पाप

डंडीत, पर्थ रोडवर, चावीवाला आणि पाववाली यांच्यामध्ये
माझं दुकान.
जुन्या कॅसेटी, जुन्या फिती, लोकांची जुनी लग्नं
नव्या पेटीत भरून देते.

मंगळवारी कॅट्रिओना पेट्री आली,
टे नदीवरच्या वाऱ्यानं उलटी केलेली छत्री
आणि पेन ड्राइव्ह घेऊन.
"बाबांची कोल्ही आहे यात.
टीव्हीवर दिसायला हवी, आईला माऊस धरवत नाही आता.
आणि काही हरवता कामा नये."

हे शेवटचं वाक्य सगळेच म्हणतात.

उघडली फाइल. वीस वर्षांपूर्वीची, दोनशे केबी.
आज चहाच्या कपाचा फोटोसुद्धा याच्या वीसपट जागा खातो.
नदी, लांबलचक पूल, बर्फ,
आणि बाकावर तांबडा मफलर घातलेली कोल्ही.
खरं तर चित्र नाहीच यात, चित्राचा हिशेब आहे:
इथून तिथवर रेघ, एवढा बाक, असा रंग.
कितीही जवळ जा, मिशीचं टोक टोकच राहतं.
व्हिडिओला हिशेब कळत नाही,
त्याला ठिपके लागतात, मोजून.

पहिल्या खेपेला आकाशात पट्टे पडले,
संध्याकाळ जिना उतरावा तशी
पायरी पायरीनं अंधारली.
मफलरचा तांबडा कडेबाहेर सांडला.

माझे वडील बार्शीत तेल विकायचे.
माप पालथं धरून
शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबायचे.
मागे गिऱ्हाईक खोळंबलंय, आई आतून हाका मारतेय,
आणि हे आपले थेंबाकडे बघत.

मग मी पुन्हा बसले.
चोवीस होत्या त्या चोवीसच ठेवल्या सेकंदाला,
अडीच मिनिटांच्या तीन हजार सहाशे फ्रेमा
सुट्या काढल्या, एकही न दाबता.
रंगाची काटछाट बंद. बिटरेट सढळ.
पहाटे दोनला मिशीचं टोक टोक झालं,
संध्याकाळ सलग झाली.

आणि कोल्ही अडीच मिनिटं
पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बघत राहिली.
तिथे कुणी नव्हतं.

कोड उघडल्यावर कळलं.
गॉर्डन पेट्रीनं तिचे डोळे माऊसला बांधले होते:
बघणारा जिकडे हात नेईल, तिकडे ती बघणार.
हात नसेल तर शून्य कोपरा.
बर्फही दर खेपेला नवा पाडायचा, फासे टाकून.
यातलं काहीच फ्रेमांत नव्हतं.
मोजदाद चोख, आणि निम्मा माल डब्यातच.

गुरुवारी एल्स्पेथबाई आल्या, मुलीच्या दंडाला धरून.
त्यांच्या थरथरत्या हाताखाली माऊस सरकवला,
वरून कॅट्रिओनानं तळवा ठेवला,
मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

कोल्हीनं कोपरा सोडला.
पुलाकडे बघितलं, बर्फाकडे, मग आमच्याकडे,
आणि तिचीही बुबुळं थरथरायला लागली.
बाई काही बोलल्या नाहीत.
एकदाच म्हणाल्या, "मफलर माझा होता. गाडीत विसरला तो."

"ही थरथर काढता येईल?" जाताना दारात कॅट्रिओनानं हळूच विचारलं.
येते काढता. एक बटण आहे.
मी नाही म्हणाले, आणि खोटं बोलल्याचं
दिवसभर काही वाटलं नाही.

आता त्या फाइलीत एकच बर्फ पडेल,
गुरुवारी सकाळी पावणेबाराला पडला तो.
बाकीचे सगळे बर्फ राहिले.
त्याला माझ्याकडे इलाज नव्हता, तसं बिलावर लिहून दिलं:
पंधरा पौंड, बर्फ एकच.

यंत्र म्हणालं, गळालेल्या फ्रेमा: शून्य.
तरी बंद करण्याआधी
मी माप पालथं धरून
जरा थांबले.