जुनी किल्ली

खासगीवाले डिसेंबरच्या एकतीसला निवृत्त झाले,
आणि पाणीपुरवठ्याच्या एकोणसाठ एजंटांवर
त्यांचं खातं तसंच राहिलं,
घर विकल्यावर पाटी राहते तसं.

एजंट म्हणजे माणूस नव्हे, हे आईला सांगून दमले.
पंपाच्या खोलीत, लोखंडी डबीत बसलेला पहारेकरी तो.
विचारलं तर सांगतो दाब किती, तार शाबूत आहे का;
न विचारता ओरडतो, फक्त काही मोडलं तर.
पण आधी म्हणतो, तू कोण ते सांग.

साहेब म्हणाले, "पुराना यूज़र हटाओ, नया बनाओ,
दस मिनट का काम है."

दहा मिनिटं.
इथे नवं खातं आभाळातून पडत नाही.
आधीच्या कुणाची तरी नक्कल करायची,
त्याच्याच किल्ल्या घेऊन जन्मायचं,
मग किल्ली बदलायची.
आणि बदलायला जुनी हवी.
जुनी कोणती, असं एजंटालाच विचारलं
तर तो रिकामी ओळ परत करतो.
चूक दाखवत नाही, नाहीही म्हणत नाही.
रिकामी ओळ.

पासवर्ड सगळीकडे एक, किल्ल्या मात्र एकोणसाठ,
कारण प्रत्येक जण त्यात आपलं नाव कालवतो.
तिघऱ्याची चोरलीत तरी मुरारला लागणार नाही.
"पीठ एकच गं, पोळी ज्याच्या त्याच्या तव्याची,"
हे खासगीवाल्यांनीच शिकवलेलं, माझ्या पहिल्या आठवड्यात.

पाटणकर बाजारातून गल्लीत शिरले तेव्हा
दहा वाजून गेले होते तरी धुकं हटलं नव्हतं.
हातात तिळाच्या वड्यांचा डबा, पाठीवर लॅपटॉप.
ते रजई पांघरून, कानटोपीत.
"आठवत नाही गं."
वहीत कुठे?
"वहीत दुधाचा हिशेब लिहितात."
काकू आतून म्हणाल्या, यांना माझा वाढदिवसही आठवत नाही.

मग त्यांनी डोळे मिटले
आणि दोन्ही हात टेबलावरच्या रेक्झिनवर ठेवले.
डाव्या करंगळीनं सुरुवात,
मध्ये एक लांब उडी,
शेवटी अंगठा.
पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्यांदा जरा भरभर.
डोक्याला ठाऊक नव्हतं, बोटांना होतं.

मी लॅपटॉप पुढे सरकवला
आणि खिडकीकडे तोंड केलं.
बाहेर पांढरं. समोरचं दुकान नाही, वायरी नाहीत,
किल्लासुद्धा नव्हता.
मागे टकटक वाजत राहिली,
मी ती मोजली नाही.

अठ्ठावन्न मानले.
ठाटीपूर अडला: तुझं बोलणं शिळं आहे.
खासगीवाले हसले, खोकला येईपर्यंत.
"तो तसाच. वीज गेली की पडतो,
उठला की घड्याळ शून्यापासून.
आजवर किती वेळा पडला तेही मोजून ठेवतो, पाहा."
तीनशे एक्केचाळीस.
"दीडशे सेकंदांपलीकडचं ऐकत नाही तो.
आधी त्याला वेळ विचार. मग आपलं म्हणणं मांड."

आधी वेळ विचारली.
मग मांडलं.
मानलं त्यानंही.

आता एकोणसाठ ठिकाणी माझं खातं, माझ्या किल्ल्या,
आणि शेजारी अजून एक ओळ.
मी उगाच थंडीबद्दल काहीतरी बोलले.
"पूस की," ते म्हणाले,
"जाणाऱ्याचं खातं ठेवतात का कुणी? मी शिकवलंय तुला?"
बटण मीच दाबलं.
ते पडद्याकडे नाही, ठाटीपूरच्या आकड्याकडे बघत होते,
पेपरात परीक्षेचा नंबर शोधावा तसे.

निघताना काकूंनी डबा धुऊन, पुसून आणला.
हलका होता.
स्कूटरपाशी उघडला:
तळाशी चार चमचे साखर.
आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत.