दूरवरून ऐकायचं वाद्य

ओस्त्राव्हाहून दोन बस बदलून आलो आम्ही.
व्हेंदेलीनच्या कोठारात ट्यूबा उभा होता,
बटाट्यांच्या पोत्यांना टेकून, तोंड जमिनीकडे.
"बाबांचा. खाणीच्या बँडमधला," तो म्हणाला,
"वाजतो अजून. पण थकलाय."
दारावर खडूनं किंमत लिहिली होती,
एकदा पुसून कमी केलेली.

मी अपोलेनाला म्हटलं, फुंकू नकोस एवढ्यात.
आधी हात लाव.
झडप न दाबता नळी ओढ, मग झडप दाब,
बूच उडाल्यासारखं 'पक्' व्हायला हवं.
पहिली बोलली. दुसरी बोलली. चौथीही.
तिसरी गप्प. म्हणजे तिथून वारा पळतो.
मग पितळ बघ.
गुलाबी ठिपके असतील तर धातू आतून सडलाय, चालू लागायचं.
इथं गुलाबी काही नव्हतं.
एका माणसाच्या डाव्या हाताएवढी जागा
घासून घासून पांढुरकी झाली होती, बस.
घासलेलं परवडतं.

मागच्या हिवाळ्यात माझे दात गेले.
कवळीवर ओठ ठरत नाहीत,
नाहीतर मीच वाजवून पाहिला असता.
तसं पाहिलं तर त्यानं फारसं कळलं नसतं,
मांडीवर घेतलेला ट्यूबा
वाजवणाऱ्याला अर्धाच ऐकू येतो,
बाकीचा त्याच्या डोक्यावरून निघून जातो.
पारख करायची तर लांब जावं लागतं.

मी आलुबुखाराच्या झाडांपर्यंत गेलो, कुंपणाला पाठ लावली.
पोरगी पंधराची, काडीसारखी,
पण दमसास असा की आमच्या अग्निशमन बँडातले बाप्ये
तिच्या शेजारी बसायला कचरतात.
वरचे सूर मोकळे आले.
मधले तर भरून, भाजलेल्या पावासारखे.
आणि खर्जात उतरली तशी
कुणीतरी घोंगडं टाकल्यासारखं झालं.

"म्हटलं नव्हतं? थकलाय," व्हेंदेलीन.

थकलेली वाद्यं मी पुष्कळ ऐकलीत.
थकवा सगळीकडे सारखा पसरतो.
हा एकाच ठिकाणी अडला होता.

तो चहा आणायला घरात गेला तेव्हा
मी ट्यूबा कवेत घेतला, उलटा केला, हलवला.
आत काहीतरी मऊ सरकलं,
रात्री घरात मांजर फिरावं तसं.
अपोलेनानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, खडूच्या आकड्याकडे.
दोन उन्हाळे तिनं मशरूम वेचून विकले होते,
तरी पाचशे क्राउन कमी पडत होते.
मी काही बोललो नाही.
ती म्हणाली, "त्यांना सांगू या."
बरं झालं ती बोलली. माझा भरवसा नव्हता.

तळाचं वळण उतरवलं. तार घातली.
लोकरीचा हातमोजा, लहान मुलाचा,
नमदा होऊन घट्ट बसलेला.
व्हेंदेलीननं चहा खाली ठेवला.
"माझा," म्हणाला. "हरवला म्हणून मार खाल्ला होता."

मग बराच वेळ काही नाही.

"बाबांना वाटायचं, छातीत कोळसा बसला.
खालचे सूर निघेनात म्हणून त्यांनी बँड सोडला.
डॉक्टर म्हणत होता, फुप्फुसं ठीक आहेत.
बाबा म्हणायचे, डॉक्टर खोटं बोलतो."

त्यानं विचारलं, आता एकदा वाजवेल का ही?
आणि निघाला,
झाडांच्याही पलीकडे, पार रस्त्यापर्यंत,
मोजा मुठीत धरून.
अपोलेनानं सगळ्यात खालचा सूर लावला.
कोठाराच्या पत्र्यानं तो उचलला,
पोत्यातला एक बटाटा घरंगळला.
रस्त्यावरचा माणूस वळला नाही.
सूर संपला तरी वळला नाही.

परतल्यावर त्यानं बाहीनं किंमत पुसली,
नवी लिहायला खडू उचलला,
आणि नुसताच धरून उभा राहिला.
आम्ही जुन्याच आकड्यावर ठरवलं.
तिसऱ्या नळीची गळती मात्र खरी होती.
तिचे पाचशे
मी कमी करून घेतले.